माळ्यावर कोण आहे? कौलारू घराभोवतीचे छोटे प्राणी ओळखताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कुडाळ तालुक्यातलं गावचं कौलारू घर बरीच वर्षं बंद होतं, आता आईला घेऊन तुम्ही तिथे राहायला आलात. रात्री दहाच्या सुमारास माळ्यावर धप्प आवाज होतो, पहाटे पुन्हा एकदा. पडवीतल्या कॅमेऱ्यात लांब शेपटीचं काहीतरी काळपट जाताना दिसलं. मागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बियांनी भरलेली विष्ठा सापडते. एका रात्री खळ्यात ताजा भात शिजल्यासारखा वास आला, आणि घरातली चूल तर कधीच विझलेली होती. दोन कोंबड्या गेल्या. शेजारी म्हणतात बिबट्याचं पिल्लू, आई म्हणते कांडेचोर. शिवाय चुलीमागे लांब नाकाचा एक ‘उंदीर’ चिकचिकत फिरतो, त्याला औषध घालू का, असं विचारलंय.

आई बरोबर आहे, निदान माळ्यापुरती. कोंबड्या नेणारा कदाचित वेगळा असेल. आणि चुलीमागचा तो उंदीर नाहीच.

आधी नावांचा गुंता सोडवतो, कारण निम्मी भांडणं त्यातूनच होतात. कांडेचोर, उदमांजर, काळमांजर, जवादी, कस्तुरी मांजर ही नावं गावागणिक इकडची तिकडे होतात. त्यात ऊद किंवा हूद म्हणजे खरं तर पाणमांजर, जे खाडीत आणि नदीत मासे धरतं. त्यामुळे एका वाडीत ‘उदमांजर दिसलं’ म्हणजे माळ्यावरचं, तर खाडीकाठच्या वाडीत त्याचा अर्थ पाण्यातलं. यातलं एकही खरं मांजर नाही. मी पंचवीसेक वर्षं असले फोन घेतोय. आता पलीकडून नाव सांगितलं की मी ते ऐकून सोडून देतो आणि चार गोष्टी विचारतो: किती वाजता, कुठे, शेपूट कशी होती, मागे काय ठेवून गेलं. प्राणी तुम्हाला दोन सेकंद दिसतो, तेही अंधारात आणि घाबरलेल्या डोळ्यांना. त्यात रंग आणि आकार या दोन गोष्टी माणूस हमखास चुकीच्या सांगतो. रात्री सगळंच काळं दिसतं आणि भीतीने सगळंच मोठं दिसतं.

तुमच्याकडे या चारही प्रश्नांची उत्तरं आहेत. रात्री दहाला बाहेर पडणं आणि उजाडण्याआधी परतणं हा माळ्यावर राहणाऱ्या उदमांजराचा नेम. (मी यापुढे त्याला उदमांजर म्हणतो, आईने कांडेचोर म्हणावं.) दिवसभर आढ्याजवळ किंवा जुन्या लाकूडसामानाच्या मागे झोपायचं, रात्री वाशावरून उतरायचं. तो धप्प आवाज म्हणजे त्याची वाशावरून माळ्याच्या फळ्यांवर मारलेली उडी. घुशी-उंदरांचा आवाज असा नसतो. त्यांची खुडबूड असते, धावाधाव असते, कुरतडणं असतं आणि ते रात्रभर थांबून थांबून चालू राहतं. दोन ते पाच किलोचा प्राणी चालला की फळी वाजते, उंदीर चालला की ती वाजत नाही.

वासाचं म्हणाल तर भात शिजल्याचा तो वास उदमांजराचाच. कोणी आंबेमोहोर म्हणतं, कोणी बासमती. ज्याला हे माहीत नाही तो अंगणात कोण भात रांधतंय म्हणून घाबरतो, आणि मग भुताखेताच्या गोष्टी सुरू होतात. मला स्वतःला हा वास पहिल्यांदा आला तेव्हा मी शेजारणीला विचारायला गेलो होतो, इतक्या रात्री कोणाचं जेवण राहिलंय म्हणून.

सगळ्यात भक्कम पुरावा गडग्यावरची विष्ठा. उदमांजर मांसाहारी वर्गातलं असलं तरी खाणं बरंचसं फळांचं. पेरू, पपई, जांभूळ, फणसाचे गरे, काजूची बोंडं, चिकू आणि भेरल्या माडाची फळं. गर पचतो, बी आख्खी बाहेर येते. ही विष्ठा ते बहुतेक उंच, उघड्या जागी टाकतं: गडगा, कौलाचा कोपरा, आडवं पडलेलं खोड, विहिरीचा कठडा. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या बिया मोठ्या, काळपट आणि एका बाजूने चपट्या आहेत. त्या भेरल्या माडाच्या दिसतात. आसपास कुठेतरी ते झाड फळलेलं असणार, शोधा. पण त्याची पिकली फळं हाताने चोळू नका, भयंकर खाज सुटते. उदमांजर ती खाऊन पचवतं कशी याचं मला अजून नवल वाटतं. माडी काढणारे मात्र त्याच्यावर चिडून असतात, कारण माडावर बांधलेल्या मडक्यातली ताजी माडी हा त्याचा आणखी एक शौक.

आता कॅमेरा. रात्रीच्या कॅमेऱ्यात रंग नसतो, तेव्हा ‘काळपट’ या शब्दाला किंमत देऊ नका. चित्र थांबवून शेपूट पाहा. उदमांजराची शेपूट जवळजवळ अंगाएवढी लांब आणि सबंध गडद, तिच्यावर वळी नसतात. तोंडावर काळा बुरखा आणि डोळ्याखाली फिकट ठिपका. पाठीवर पुसट ठिपक्यांच्या रांगा असतात, पण त्या नेहमी दिसत नाहीत. शेपटीवर काळी-पांढरी वळी एकाआड एक असली आणि टोक फिकट असलं तर तो दुसरा प्राणी, कस्तुरी मांजर किंवा जवादी. त्याच्या अंगावर ठिपके स्पष्ट, पाठीवर लांब रेघा, कान डोक्यावर जवळजवळ. जवादी झाडावर फार चढत नाही, जमिनीवर झुडपांतून फिरते, आणि माळ्यावर सहसा राहायला येत नाही. तिच्या विष्ठेत बियांबरोबर किड्यांची कवचं आणि केसही सापडतात.

बिबट्याच्या पिल्लाची शंका मी हसण्यावारी नेत नाही, कारण आपल्या भागात बिबटे आहेत. पण बिबट्याचं पिल्लू एकटं तुमच्या कौलांवर रोज ठरल्या वेळी येणार नाही. शिवाय पिल्लाचं डोकं गोल, पाय जाड आणि पंजे अंगाच्या मानाने मोठे. उदमांजराचं नाक टोकदार, अंग लांबट, पाय आखूड. चालतानाही ते जमिनीलगत सरपटल्यासारखं जातं. मांजराच्या कुळातला प्राणी बोटांवर चालतो, उदमांजर तळवा टेकवून.

याची खात्री करायला हजारोंचा कॅमेरा नको, चुलीतली राख पुरे. संध्याकाळी राख बारीक चाळून घ्या आणि माळ्याच्या जिन्याच्या पायरीवर, गडग्यावर जिथे विष्ठा सापडते तिथे आणि खुराड्याच्या दारासमोर हातभर रुंद पातळ थर पसरा. पावसाळ्यात राख भिजते, तेव्हा पडवीच्या आतच पसरा. सकाळी उन्हं तिरपी असताना, शेजारी काड्यापेटी ठेवून वरून फोटो काढा. मग बोटं मोजा. चार बोटं, नखं उमटलेली नाहीत: मांजर, रानमांजर किंवा वाघाटी (छोटी, ठिपक्यांची रानमांजरी). चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे: कुत्रा किंवा कोल्हा. पाच बोटं आणि मागे तळव्याचा लांबट ठसा: उदमांजर किंवा जवादी. पाच बोटं आणि बोटांपासून जरा सुटून उमटलेली लांब नखं: मुंगूस. पाचवं बोट कधी कधी उमटत नाही, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका, सलग चार-पाच पाहा. मोठ्या बिबट्याचा पंजा काड्यापेटीच्या लांबीत मावत नाही, हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

आता कोंबड्या. त्या दिवसा गेल्या की रात्री, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. भर दुपारी कोंबडी ओरडली आणि गेली तर संशय मुंगसावर, कारण आपल्याकडची मुंगसं दिवसा फिरतात. घराजवळचं नेहमीचं मुंगूस करडं, मीठ-मिरी मिसळल्यासारखं, शेपटीचं टोक फिकट. शेपटीचं टोक काळं आणि ते वर वळवून धरलेलं असेल तर ते रानातलं तांबूस मुंगूस. सह्याद्रीच्या पायथ्याशी, व्हाळाकाठी तिसरं एक मुंगूस भेटतं, अंगाने भरलेलं, लालसर, मानेवर दोन्ही बाजूंना काळा पट्टा. आशियातल्या मुंगसांत ते सगळ्यात मोठं. पहिल्यांदा पाहणारा त्याला मुंगूस म्हणायलाच तयार होत नाही.

कोंबडी रात्री गेली असेल तर यादी लांब होते: उदमांजर, जवादी, रानमांजर, कोल्हा. पिसं विखुरलेली, कुठेतरी पातेऱ्यात (पालापाचोळ्यात) अर्धवट खाल्लेली कोंबडी सापडली तर यांपैकी कोणीतरी. एक पीसही नाही, आरडाओरडा नाही आणि खुराड्याचं दार जसंच्या तसं बंद असेल तर आधी खुराड्याच्या आतल्या कोपऱ्यात बॅटरी मारून पाहा आणि मगच हात घाला. अजगर कोंबडी गिळून तिथेच सुस्तावलेला मी दोनदा पाहिलाय. आमच्या वाडीतली एक म्हातारी प्रत्येक गेलेल्या कोंबडीमागे ‘मेल्या कांडेचोरान खाल्ल्यान’ म्हणायची. तिच्या खुराड्यासमोर राख पसरली तर सकाळी ठसे निघाले ते शेजारच्याच भटक्या कुत्र्याचे. तिने ते शेवटपर्यंत मानलं नाही. दोष कोणाचाही असो, उपाय एकच: खुराड्याला खालूनही जाळी, जाळीचं भोक अंगठ्यापेक्षा लहान, आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी कोंबड्या आत.

रानमांजर म्हणजे आपला बाऊल. पाय लांब, शेपूट आखूड आणि टोकाला काळी वळी, कानांच्या टोकाला केसांचा बारीक झुबका, अंगावर ठिपके नाहीत. वाघाटीच्या अंगावर ठिपके असतात, आणि तिथेच घोटाळा होतो. घाटावर ऊसतोडीच्या दिवसांत फडात ठिपक्यांची पिल्लं सापडली की बिबट्या म्हणून गाव गोळा होतं. त्यातली कित्येक पिल्लं निघतात ती घरच्या मांजरापेक्षाही लहान राहणाऱ्या, तांबूस ठिपक्यांच्या वाघाटीची किंवा बाऊलाची. पिल्लं कोणाचीही असोत, उचलून घरी आणू नयेत. त्या भागातली तोड थांबवून माणसं बाजूला झाली की आई बहुतेक वेळा रात्री येऊन त्यांना हलवते.

चुलीमागचं ते जनावर म्हणजे चिचुंद्री. उंदराचं आणि तिचं नातं फार लांबचं. उंदीर कुरतडणारा, त्याचे पुढचे दात छिन्नीसारखे. चिचुंद्री किडे खाणारी, दात बारीक आणि टोकदार. नाक लांब आणि सतत हलतं, डोळे मोहरीएवढे, शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर विरळ लांब केस. भिंतीच्या कडेकडेने पळते, दिसतं तिला कमीच. चिकचिक ती करते, उंदीर असा नाणी खुळखुळल्यासारखा आवाज करत नाही. अंगाला उग्र कस्तुरीसारखा वास, त्यामुळे मांजर तिला मारलं तरी खात नाही. नशीब असेल तर एकदा तुम्हाला तिची आगगाडी दिसेल: आईच्या शेपटीशी पहिल्या पिल्लाने तोंड लावलेलं, त्याच्या शेपटीशी दुसऱ्याने, अशी चार-पाच पिल्लांची माळ भिंतीलगत धावत जाते. ती तुमची झुरळं खाते. तिला औषध कशाला घालता? वास सहन होत नसेल तर न्हाणीच्या पाण्याच्या वाटेला जाळी बसवा, बहुतेक तिथूनच येते.

औषध तर मुळीच घालू नका, आणि हे मी फक्त चिचुंद्रीपुरतं म्हणत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो. त्याला गव्हाणी घुबड उचलतं, उदमांजर खातं, तुमचं मांजर खातं. उंदीर खाणारेच कमी झाले की पुढच्या वर्षी उंदीर दुप्पट. खरोखर उंदीर असतील तर पिंजरा लावा आणि भात-काजू पत्र्याच्या डब्यात ठेवा.

माळ्यावर उंदीरही आहेत का, हे लेंड्या पाहून कळेल. कौलांखाली राहणाऱ्या लहान पाकोळ्यांच्या, म्हणजे किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांच्या, लेंड्या उंदराच्या लेंड्यांसारख्याच दिसतात. काडीने दाबून पाहा. भुगा झाला आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसले तर पाकोळ्या, टणक राहिली तर उंदीर. पडवीत सकाळी देशी बदामाच्या बिया आणि चावून थुंकलेला फळांचा चोथा पडलेला असेल तर ते फळं खाणाऱ्या वटवाघळांचं काम. ती फळ तोडून आणून तुमच्या पडवीत टांगून घेतात, रस चोखतात आणि चोथा टाकतात. माडाखाली कोवळे नारळ देठाजवळ भोक पाडून पडत असतील तर तो उंदीर, उदमांजर नव्हे. दिवसाढवळ्या माडावरचे नारळ कोणी पोखरत असेल तर वर पाहा, शेकरू असू शकतं. आपला राज्यप्राणी, त्यामुळे तक्रार करतानाही थोडं कौतुकाने करावी लागते.

झाडून काढताना मात्र सांभाळा. सुक्या लेंड्या केरसुणीने उडवू नका. आधी फिनेलचं पाणी शिंपडा, तोंडाला फडकं आणि हातात मोजे घाला. कोकणात पावसाळ्यात लेप्टो होतो तो उंदीर-घुशींच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून, आणि पायाला चीर असताना अशा पाण्यात उतरलं की तो शरीरात शिरतो. यातला कुठलाही प्राणी चावला, ओरबाडला, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. मुंगसाच्या चाव्याने रेबीज होऊ शकतो, हे फार लोकांना ठाऊक नसतं.

आता त्याला घालवायचं कसं. इथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्या घरात असंच उदमांजर होतं. मी दुपारी जाऊन आढ्याजवळची फट सिमेंटने बुजवून घेतली आणि काम झालं म्हणून चहा पिऊन निघालो. आई त्या वेळी दुसऱ्या टोकाने निसटली होती आणि आत तीन पिल्लं होती. रात्री तिने बाहेरून पाच-सहा कौलं उचकटली, घरातल्या माणसांची झोप उडाली ती उडालीच, आणि सकाळी मला शिव्या खाव्या लागल्या. पिल्लं वाचली, माझं श्रेय नाही त्यात. तेव्हापासून नियम: आधी दोन-तीन दिवस दुपारी माळ्याखाली कान लावून बारीक कुईकुई येते का ऐका. येत असेल तर काही आठवडे कळ काढा, पिल्लं मोठी होऊन आईमागे बाहेर पडू लागतील. नसेल तर माळ्यावर चार-पाच दिवस रात्रंदिवस दिवा लावून ठेवा, जुना रेडिओ चालू ठेवा. त्याला ती जागा नकोशी होते. राखेत ते बाहेर गेल्याचे ठसे दिसले आणि परतल्याचे दिसले नाहीत, की त्या रात्रीच फट जाळीने बंद करा. फांद्या कौलांवर टेकल्या असतील तर त्या छाटा, नाहीतर ते नवी फट शोधेल.

पिंजऱ्यात धरून दूर सोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि वन्य प्राणी परवानगीशिवाय धरणं किंवा मारणं हा त्याखाली गुन्हा आहे. खरंच अडचण आली, जखमी प्राणी सापडला किंवा पिल्लं पोरकी झाली, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

राहिलं तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: मागच्या काजूच्या बागेत वारूळ कोणीतरी खणलंय आणि मातीत लांब नखांचे ओरखडे आहेत. साळिंदर असतं तर सुरण किंवा माडाची रोपं उकरलेली दिसली असती आणि एखादा काळा-पांढरा काटा पडलेला सापडला असता. वारूळ फोडणारा बहुधा खवले मांजर आहे. दात नसलेला, वाळवी आणि मुंग्या खाणारा, घाबरला की अंगाचा चेंडू करणारा. त्याच्या खवल्यांसाठी चोरटी शिकार होते. तेव्हा त्या वारुळाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका, शेजाऱ्यांनाही जागा दाखवू नका. फोटो काढायचाच असेल तर मोबाइलमधली ठिकाणाची नोंद आधी बंद करा आणि तो फक्त मला पाठवा, शेजारी काड्यापेटी ठेवून.